जुन्या यंत्रावरील नवे खेळ : प्लेस्टेशन २ च्या भारतीय टप्प्याची चिकित्सा

नवे यंत्र बाजारात आल्यानंतरही जुन्या यंत्राला आधार देत राहणे, हे व्हिडिओ गेमच्या व्यवसायात ग्राहकनिष्ठेचे लक्षण मानले जाते. सोनी कंपनीचे प्लेस्टेशन २ हे याचे ठळक उदाहरण होय. २००० साली जपानमध्ये आलेल्या या यंत्राची निर्मिती, २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ आल्यानंतरही, २०१३ च्या आरंभापर्यंत चालू होती. याउलट २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० आणल्यावर मायक्रोसॉफ्टने मूळ एक्सबॉक्सकडे लवकरच पाठ फिरवली. ही तुलना योग्य असली, तरी 'आधार' म्हणजे नेमके काय, हा प्रश्न तीत अनुत्तरित राहतो. भारतीय अनुभवाच्या साहाय्याने तो तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भारतात प्लेस्टेशन ३ हे एप्रिल २००७ मध्ये ३९,९९० रुपयांना उपलब्ध झाले. बहुसंख्य मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्याबाहेरच्या या किमतीमुळे जुन्या यंत्राचे महत्त्व येथे टिकून राहिले आणि त्याच्यासाठी भारतातच खेळ तयार होऊ लागले. २००९ मधील 'हनुमान : बॉय वॉरियर' व 'देसी अड्डा', २०११ मधील 'रा.वन' आणि २०१३ मधील 'डॉन २' हे या टप्प्याचे प्रमुख खेळ होत. पुराणकथा व हिंदी चित्रपट यांवरील त्यांचे अवलंबन पाहता, स्वतंत्र कल्पनेपेक्षा परिचित नावावर अधिक भिस्त होती, असे म्हणावे लागते. तथापि, भारतीय निर्मात्यांना गृहयंत्रावर काम करण्याची संधी याच टप्प्यात मिळाली, हेही नाकारता येत नाही.

'देसी अड्डा'मध्ये कबड्डी व विटीदांडू आहेत. विटी तुटली तर झाडाची फांदी पुरते. तबकडी किंवा तिची वाचक भिंग-यंत्रणा निकामी झाली तर खेळच नाहीसा होतो. म्हणजे ज्या खेळाला कोणाच्याही आधाराची गरज नव्हती, तो या रूपात एका कंपनीच्या आधारावर विसंबला. येथेच 'आधारा'चे दोन अर्थ वेगळे करावे लागतात. विक्री होत आहे तोवर नवा माल पुरवणे हा पहिला. विक्री थांबल्यावरही वस्तू चालू ठेवता येणे हा दुसरा.

दुसऱ्या अर्थाचे उदाहरण दापोडीतच आहे. राज्य परिवहन महामंडळाच्या तेथील मध्यवर्ती कार्यशाळेत एसटी गाड्यांची बांधणी व पुनर्बांधणी होते; जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढते. एसटी ही गरज आहे आणि खेळ करमणूक, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु खरा भेद गरजेचा नसून अधिकाराचा आहे. बस उघडून दुरुस्त करण्यास तिचा मालक मोकळा असतो. खेळाची तबकडी मात्र प्रतिबंधक कुलपासह येते.

कायद्याची भूमिकाही येथे पुरेशी ठरत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये आलेल्या कलम ६५अ नुसार हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक संरक्षण तोडणे दंडनीय आहे. त्याच दुरुस्तीने बिगर-व्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयांना जतनासाठी कृतीची इलेक्ट्रॉनिक साठवण करण्याची मुभा दिली. पण त्या कृतीची बिगर-डिजिटल प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असावी, अशी अट घातली. जन्मतःच डिजिटल असलेल्या खेळाला ही अट पूर्ण करता येणे शक्यच नाही. परिणामी, जीर्ण पुस्तकाला मिळणारे संरक्षण 'देसी अड्डा'ला मिळत नाही.

सारांश, प्लेस्टेशन २ चे दीर्घायुष्य हा बाजाराचा हिशेब होता. त्यातून काही चांगले घडले. पण हिशेब संपताच आधारही संपला. कंपनीने जुने यंत्र अनंतकाळ तयार करावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. निर्मिती थांबल्यावर जतनाचा अधिकार ग्रंथालयांना व शिक्षणसंस्थांना मिळावा, ही अपेक्षा मात्र वाजवी आहे. तोपर्यंत मूळ तबकडी आणि चालू स्थितीतील यंत्र दोन्ही सांभाळणे, एवढे तरी महाविद्यालयीन ग्रंथालयांना आजच करता येण्यासारखे आहे.