मराठी साहित्यातील कैदी आणि आरोपी

मराठीत तुरुंगाचे वाङ्मय विपुल आहे. मंडालेच्या कारावासात लोकमान्यांनी 'गीतारहस्य' लिहिले, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहिली आणि अंदमानच्या अनुभवांतून सावरकरांची 'माझी जन्मठेप' निर्माण झाली. या ग्रंथांनी बंदिवासाचे तेज मराठी वाचकास दाखविले, यात संशय नाही. तथापि या परंपरेकडे थोड्या अलिप्तपणे पाहिल्यास एक उणीव जाणवते. तीत कैदी सर्वत्र आहे. आरोपी मात्र फारसा कोठे नाही. कैद्याचे धैर्य, त्याचे चिंतन, त्याचा एकांत यांचे आपण मनःपूर्वक स्वागत केले. परंतु आरोपापासून शिक्षेपर्यंत मनुष्य ज्या वाटेने नेला जातो, त्या वाटेचे परीक्षण आपल्या साहित्याने क्वचित केले आणि समीक्षेने तर त्याहूनही कमी केले. ज्याचे मोठेपण आपणांस आधीच मान्य असते, त्याच्यासाठी आपण न्याय मागतो. ज्याच्याविषयी काहीच ठाऊक नाही, किंवा वाईटच ऐकले आहे, त्याच्यासाठी न्याय मागण्याची सवय या वाङ्मयाने आपणांस लावलेली नाही.

ही उणीव केवळ वाङ्मयीन नाही. दहशतवादास आवर घालण्यासाठी गेल्या चाळीस वर्षांत जे कायदे झाले, त्यांनी गुन्ह्याची व्याख्या बदलली त्याहून अधिक ही वाटच बदलली. पोलिसांपुढील कबुली ग्राह्य केव्हा मानावी, आरोपपत्राविना किती दिवस कोठडीत ठेवावे, जामीन कोणत्या कसोटीवर नाकारावा, हे त्यांतील खरे प्रश्न आहेत. ते रुक्ष आहेत, म्हणून ते वकिलांचे आहेत असे समजून साहित्यिक बाजूस होतो. आमच्या मते तसे होणे उचित नाही. आणि निदान एका मराठी नाटककाराने ते होऊ दिलेले नाही.

विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) हे स्त्रीच्या छळाचे नाटक म्हणून वाचले जाते. ते तसे आहेच. पण त्याची रचना न्यायाच्या रीतीवर उभी आहे, याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. लीला बेणारेवर भ्रूणहत्येचा खोटा खोटा आरोप ठेवला जातो आणि खेळ म्हणून सुरू झालेला खटला नकळत खरा होतो. सुखात्मे हेच फिर्यादीचे वकील आणि तेच आरोपीचे वकील. न्यायाधीश काशीकर स्वतः साक्षीदार होतात. ज्याची साक्ष सर्वांत महत्त्वाची, तो प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाही. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत प्रेक्षक ऐकतात. त्या कोर्टातील कोणी ऐकत नाही. आणि अखेर जिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप, तिला शिक्षाही भ्रूणहत्येचीच फर्मावली जाते. यातील एकही मनुष्य स्वतःस दुष्ट समजत नाही. सर्वजण समाजाच्या रक्षणासाठीच बोलत असतात. पदांची गल्लत झाली की सज्जनांकडूनही अन्याय होतो, हे या नाटकाचे दुसरे आणि तितकेच महत्त्वाचे सूत्र होय.

'घाशीराम कोतवाल' (१९७२) मध्ये हाच विचार कबुलीच्या रूपाने येतो. चोरीचा आळ आलेल्या ब्राह्मणास तापलेल्या लोखंडी गोळ्याचे दिव्य करावयास लावले जाते आणि असह्य वेदनेतून कबुली बाहेर पडते. ही केवळ पेशवाईतील क्रूरता असे समजून प्रेक्षक निश्चिंत होतो. पण तसे निश्चिंत होण्यास आधार नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने पोलिसांपुढील कबुली अग्राह्य ठरविली, कारण ती कशी मिळते हे कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते. १९८७ च्या टाडा कायद्याने ही भिंत पाडली आणि वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्याने नोंदविलेली कबुली पुरावा मानली. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरविली. टाडा १९९५ मध्ये संपला, पण २००२ च्या पोटा कायद्यात ती तरतूद पुन्हा आली.

तिचे फळ गुजरातेने पाहिले आहे. २४ सप्टेंबर २००२ रोजी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावर झालेल्या हल्ल्यात तीसहून अधिक माणसे मारली गेली. पोटाखाली सहा जणांस शिक्षा झाली, त्यांपैकी तिघांस फाशीची. १६ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांस निर्दोष ठरविले. ज्या कबुलीजबाबांवर खटला उभा होता ते विश्वासार्ह नाहीत, आणि खटल्यास मंजुरी देताना गृहखात्याने सारासार विचार केला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. तोवर अटकेला सुमारे ११ वर्षे लोटली होती. येथे अन्याय केवळ त्या सहांवर झाला नाही. ज्यांचे आप्त मंदिरात मारले गेले, त्यांच्या हातीही अखेर काही आले नाही.

यावर एक आक्षेप संभवतो आणि तो बडोद्यात बसून टाळता येणार नाही. येथील डायनामाइट प्रकरण केवळ कल्पित नव्हते. आणीबाणीविरुद्ध रेल्वेमार्ग व सरकारी ठिकाणे स्फोटांनी उडविण्याचा कट केल्याचा आरोप जॉर्ज फर्नांडिस व इतर २४ जणांवर १९७६ मध्ये ठेवण्यात आला. आम्ही राहतो त्या प्रतापनगरात रेल्वेच्या विभागीय कचेऱ्या आहेत. रूळ उखडला तर कोणाचा जीव जातो, हे येथे कोणास समजावून द्यावे लागत नाही. आजच्या भाषेत त्या आरोपास दहशतवादच म्हटले असते. मग अशा आरोपीसही न्यायाची सारी रीत लागू करावी काय?

आमचे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे कारण त्याच प्रकरणात आहे. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने आणीबाणीत स्थानबद्धास हेबियस कॉर्पसचा आधार उरत नाही असे ठरविले. न्या. खन्ना एकटे विरुद्ध गेले. बहुमतात पुण्याचे न्या. य. वि. चंद्रचूड होते. त्यानंतर अवघ्या तीन दिवसांनी, १ मे रोजी, बंगलोर पोलिसांनी जॉर्ज यांचे बंधू लॉरेन्स यांस नेले आणि जॉर्ज यांचा ठावठिकाणा काढण्यासाठी त्यांचा अनन्वित छळ केला. अभिनेत्री स्नेहलता रेड्डी यांचे नाव आरोपपत्रात नव्हते. त्यांना बंगलोरच्या तुरुंगात महिनोन्महिने ठेवले गेले आणि सुटकेनंतर लवकरच, जानेवारी १९७७ मध्ये, त्या वारल्या. संशय एकावर असतो आणि रीत मोडली की आघात दुसऱ्यावर होतो. पुढे सरकार बदलले, १९७७ मध्ये खटला मागे घेतला गेला आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले. परिणामी आरोप कधी सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही. फर्नांडिस यांचे चाहते यास विजय मानतात. आम्हांस तो विजय वाटत नाही. न्यायाची वाट दोन्ही पक्षांनी अर्ध्यावर सोडली, एवढेच त्यातून दिसते.

१९७६ चा तो निकाल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चूक म्हणून रद्द केला आणि तसे लिहिणाऱ्यांत चंद्रचूडांचे पुत्रही होते. परंतु २००८ च्या दुरुस्तीनंतर यूएपीए कायद्यात आरोपपत्राविना १८० दिवसांपर्यंत कोठडी शक्य झाली आहे, आणि पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन मिळत नाही. ८४ वर्षांचे स्टॅन स्वामी ५ जुलै २०२१ रोजी मुंबईत जामिनाची वाट पाहत वारले. खटला सुरूही झाला नव्हता. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतेही न्यायालय सांगू शकणार नाही. जेथे फिर्यादीचे म्हणणे हाच पहिला निकाल ठरतो, तेथे सुखात्म्यांच्या दोन झग्यांची आठवण होणे अपरिहार्य आहे.

१९७५ च्या कऱ्हाड संमेलनाच्या अध्यक्षा दुर्गाबाई भागवत यांनी लेखनस्वातंत्र्यासाठी निर्भयपणे आवाज उठविला, याचा मराठी साहित्यास रास्त अभिमान आहे. तथापि लेखकाने लेखकासाठी बोलणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी होय. ज्याने एक ओळही लिहिलेली नाही, ज्याची बाजू घेणारा वाचकवर्ग नाही, त्या आरोपीची वाट सरळ आहे की नाही हे पाहणे ही दुसरी. तेंडुलकरांची ही दोन नाटके तेथवर पोचलेली आहेत. आपल्या समीक्षेने त्यांतील बेणारेविषयी कळवळा बाळगला, घाशीरामाचा धिक्कार केला. आता त्यांतील कोर्टाकडे आणि त्या तापलेल्या गोळ्याकडे तिने नीट पाहावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.