चोरपावलांची बंदूक

1987 साली हिदेओ कोजिमा यांना कोनामी कंपनीसाठी युद्धाचा गेम करायचा होता, पण एमएसएक्स-2 संगणकाच्या पडद्यावर एका वेळी फारसे शत्रू आणि गोळ्या हलवता येत नव्हत्या. मग लढण्याऐवजी लपायचं ठरलं. 'मेटल गिअर'चा नायक शत्रूच्या तळावर उतरतो तेव्हा त्याच्याजवळ सिगारेटी असतात, बंदूक नसते. आज 'स्टेल्थ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकाराचा पाया असा अडचणीतून घातला गेला. डबा ऐसपैस खेळलेल्यांना त्यातली गंमत वेगळी सांगायला नको.

पुढे यंत्रं तगडी झाली आणि बंदूक आली. तिच्याबरोबर सायलेन्सरही आला, आणि त्याच्याबरोबर या कलेतली सर्वांत मोठी थाप. हायरम पर्सी मॅक्सिम यांनी 1909 साली सायलेन्सरचं पेटंट घेतलं तेव्हापासून तो आवाज कमी करतो. नाहीसा करत नाही. नळीतून सुटणारा वायू तो आवरतो, पण गोळी ध्वनीपेक्षा वेगात गेली तर तिचा हवेतला कडाका राहतोच. 1998च्या 'मेटल गिअर सॉलिड'मध्ये हेक्लर अँड कॉखची मार्क 23 पिस्तूल निवडली, ती या दृष्टीने चोख. तिची .45 गोळी जड आणि संथ, ध्वनीच्या वेगाखालीच राहणारी. तरी शेजारच्या खोलीतल्या पहारेकऱ्याला काहीच ऐकू येऊ नये, हे फक्त गेममध्येच घडतं.

माझी तक्रार या थापेबद्दल नाही. नाटकात भिंती रंगवलेल्या असतातच. प्रश्न एवढाच, की थापेची किंमत खेळाडूकडून वसूल होते का?

'मेटल गिअर' मालिकेतल्याच 2004च्या 'स्नेक ईटर'मध्ये ती होते. तिथली एमके 22 पिस्तूल म्हणजे स्मिथ अँड वेसनच्या मॉडेल 39वरून अमेरिकी नौदलाच्या सील तुकड्यांसाठी घडवलेलं हत्यार. पहाऱ्यावरची कुत्री गप्प करण्यासाठी ते वापरायचं, म्हणून त्याचं टोपणनाव 'हश पपी'. गेमची कथा 1964ची आणि ही पिस्तूल त्यानंतरची, पण ही चूक मी आनंदाने पोटात घालतो. कारण खऱ्या पिस्तुलातल्या दोन खोडी गेमने बरोबर उचलल्या. स्लाइडची खडखड होऊ नये म्हणून ती अडकवून ठेवलेली, त्यामुळे नायकाला दर गोळीनंतर ती हाताने ओढावी लागते. आणि सायलेन्सर झिजतो. गोळी चुकली की घाम फुटतो. शिवाय एका प्रसंगात नदीतून चालताना आपण मारलेली माणसं समोरून येतात, जितकी मारली तितकी. गुंगीच्या गोळ्या वापरलेल्याची नदी जवळजवळ रिकामी असते.

युबीसॉफ्टच्या 'स्प्लिंटर सेल'ने (2002) वेगळी युक्ती काढली. त्याचा नायक सॅम फिशर याच्या पिस्तुलाचं खरं लक्ष्य माणूस नव्हे, दिवा. बल्ब फोडायचा, अंधार तयार करायचा, त्यात सरकायचं. एफएन एफ2000वर बेतलेली त्याची रायफल चिकटणारे कॅमेरे झाडते. बंदुकीचा इतका कल्पक वापर मी नंतर क्वचितच पाहिला. 2010च्या 'कन्व्हिक्शन'मध्ये तोच फिशर शत्रूंवर आधी खुणा करून एका कळीसरशी त्यांना लोळवू लागला. दिसायला झकास, पण भीतीच संपली.

हल्ली बंदूक पूर्वीपेक्षा सुंदर दिसते. तिचे स्क्रू मोजता येतात, दुर्बीण बदलता येते, रंग निवडता येतो. हे सगळं दुकानाच्या काचेसारखं झालंय. 2012च्या 'मेडल ऑफ ऑनर: वॉरफायटर'च्या संकेतस्थळावरून तर थेट बंदूक उत्पादकांकडे जाता येत होतं, टीका झाल्यावर ते दुवे काढले, आणि पुढल्या वर्षी त्या गेमची प्रकाशक कंपनी ईएने बंदूक कंपन्यांशी परवान्याचे करार बंद केले. 'मेटल गिअर' मालिकेतल्या 'द फँटम पेन'मध्ये (2015) बंदुकांची नावं सरळ बनावट आहेत. नाव गेल्याने बिघडलं काहीच नाही! उलट त्या गेमने एक नामी गोष्ट केली: डोक्यातच गोळ्या घालत सुटलात तर शत्रू शिरस्त्राणं घालू लागतात. तुमच्या सवयीवर समोरचा उपाय शोधतो.

आणि 'हिटमॅन 2' (2018). त्यातली एक कामगिरी मुंबईत आहे. चित्रपटाचा सेट, अर्धवट टॉवर, झोपडपट्टी, रेल्वेचं आवार. झोपडपट्टी दाखवताना परक्या नजरेची हौस जाणवते, ते मला खटकलं. पण गर्दी हाच आडोसा, हे त्यांना बरोबर कळलंय. नायक एजंट 47जवळ त्याची चंदेरी पिस्तूल आहे, तरी तिथली सर्वांत देखणी खेळी तिच्याविना होते. शहरात दुसराही एक मारेकरी दुर्बिणीची रायफल घेऊन बसलेला असतो. आपण फक्त सावज त्याच्या टप्प्यात आणून ठेवायचं आणि बाजूला उभं राहायचं. गोळी दुसराच कुणी झाडतो.