गाळलेला ऋतू : आफ्रिकेतल्या नौकासफारीचे लेखन

‘सफारी’ हा शब्द आपल्याकडे इंग्रजीच्या वाटेने आला आणि आपण तो जीपपासून सूटपर्यंत कशालाही चिकटवला. मूळ शब्द स्वाहिली. स्वाहिलीत तो अरबीतल्या ‘सफर’वरून आला, आणि ती सफर मराठीला केव्हाचीच ठाऊक आहे. स्वाहिलीत सफारी म्हणजे नुसता प्रवास; मावशीकडे निघालेला माणूसही सफारीवरच असतो. बंदूक, कॅमेरा आणि उघड्या टपाची गाडी या गोष्टी नंतर आल्या. त्यांच्याबरोबर एक न लिहिलेली अटही आली. सफारी कोरड्या ऋतूत करायची, आणि तिच्यावरचे लेखनही कोरड्या ऋतूचेच असायचे.

अटीमागचे कारण व्यवहारी आहे. गवत वाळते, डबकी आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरे गोळा होतात आणि पाहणाऱ्याला फारसे शोधावे लागत नाही. पावसात गाडी रुतते. पूर्व आफ्रिकेतल्या अशा जमिनीला इंग्रजीत काळी कापसाची माती असेच म्हणतात. ती चाकांचे काय करते हे विदर्भातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. पण गाडीची अडचण हळूहळू साहित्याची दृष्टी झाली. हेमिंग्वेच्या ‘ग्रीन हिल्स ऑफ आफ्रिका’त (१९३५) पाऊस आहे, पण तो मुदतीसारखा. तो येण्याआधी कुडू मारायचा आहे, आणि साऱ्या कथनाचा ताण त्या घाईत आहे. पाऊस पडल्यावर त्या टेकड्यांचे काय होते, हे पुस्तक सांगत नाही. शीर्षकात मात्र हिरवा रंग आहे.

होडीने ही दृष्टी बदलायला हवी होती. होडीला चिखलाचे भय नाही. पाणी चढले की उलट तिची वाट रुंदावते. तरीही नदीवरच्या प्रसिद्ध लेखनाने किनारा क्वचितच नीट पाहिला. कॉनरॅड १८९० साली काँगो नदीवर गेला. त्या अनुभवातून आलेल्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मधला मार्लो पाण्याखाली दडलेल्या ओंडक्यांवर नजर ठेवण्यात इतका गुंतलेला आहे, की जंगल त्याला एक सलग भिंत वाटते. हा त्या कथेचा दोष मानता येणार नाही, कारण आंधळेपण हाच तिचा विषय आहे. दोष नंतरच्यांचा. त्यांनी ती भिंत जशीच्या तशी उचलली आणि तिला आफ्रिका म्हटले. बिन्यावांगा वाइनाइना यांनी २००५ साली ‘ग्रँटा’त आफ्रिकेवर कसे लिहावे याचा जो उपरोधिक पाठ दिला, त्याचा मारा या उसनवारीवरच होता.

पावसाशी अधिक सरळ वागलेली कृती मला एका लोकप्रिय चित्रपटात सापडते, याचे थोडे आश्चर्य वाटते. जॉन ह्यूस्टनच्या ‘द आफ्रिकन क्वीन’मध्ये (१९५१) होडी लव्हाळ्यात अडकते आणि दोघेही आशा सोडून बसतात. पाऊस कोसळतो, नदी चढते आणि पाणी होडीला अलगद उचलून सरोवरात नेते. प्रसंग भाबडा आहे, देवाच्या कृपेसारखा मांडलेला आहे. पण नदीचे एक खरे लक्षण त्यात आले आहे : एका ठिकाणचे पाणी दुसऱ्या ठिकाणच्या पावसाचे असते.

ओकावांगो हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. बोट्स्वानातला हा त्रिभुज प्रदेश समुद्राला मिळत नाही. पाणी वाळूत जिरते, हवेत विरते. पाऊस पडतो तो मुख्यतः अंगोलाच्या पठारावर, साधारण नोव्हेंबर ते मार्च. ते पाणी सपाट जमिनीवरून इतके सावकाश येते, की प्रदेशाचा बराच भाग जुलै-ऑगस्टच्या सुमारास, म्हणजे स्थानिक आकाश कोरडे ठणठणीत असताना, पाण्याखाली जातो. पर्यटक ‘मोकोरो’त बसतो ते याच दिवसांत. एका झाडाचे खोड कोरून केलेली ही अरुंद होडी (आता बहुधा फायबरची) मागे उभा राहून बांबूसारख्या लांब काठीने ढकलतात. माहितीपत्रक याला कोरडा ऋतू म्हणते, आणि प्रवासी तरंगत असतो तो परक्या देशातल्या सहा महिन्यांपूर्वीच्या पावसावर. प्रवासवर्णनात याची एक ओळ सापडली तरी मी समाधान मानतो.

खरोखरच्या पावसाळ्यात चोबे नदीवर होडीने गेले तर काय दिसते? हत्ती कमी. आतल्या रानातली पाणथळे भरलेली असतात, म्हणून ते नदी सोडून पांगतात. इम्पालांची पाडसे पावसाच्या तोंडावर जन्मतात. झांबेझीच्या खोऱ्यात मगरींची अंडीही त्याच सुमारास फुटतात. सुगरणींचे नर पिवळेधमक होऊन घरटी विणतात. म्हणजे जनावरे ‘नाहीत’ असे जिला म्हणतात, त्या वेळी ती जन्मत असतात. पर्यटन व्यवसायाने या दिवसांना ‘हिरवा ऋतू’ हे गोंडस नाव दिले आहे आणि सोबत सवलतीचे दर. ‘ऋतुचक्र’ वाचून वाढलेल्या मराठी वाचकाला बारा महिन्यांतला एकही महिना टाकाऊ नसतो हे माहीत असते. तरीही आपली आफ्रिकेची प्रवासवर्णने बहुतेक मसाई माराच्या जुलै ते ऑक्टोबरमध्येच अडकली आहेत.

पण या साऱ्यात मला अधिक खुपते ते कारिबा. झांबेझीच्या पुराने १९५७ आणि १९५८ अशी लागोपाठ दोन वर्षे बांधकामाला तडाखा दिला. स्थानिक टोंगा लोकांच्या मते तो न्यामिन्यामी या नदीदेवाचा कोप होता. १९५८च्या डिसेंबरात धरणाची दारे बंद झाली आणि त्या पावसाळ्यात पाणी चढू लागले. टेकड्यांची बेटे झाली, बेटांवर प्राणी अडकले. रूपर्ट फॉदरगिल यांच्या नेतृत्वाखाली होड्या निघाल्या. जनावरांना काचू नये म्हणून बायकांचे नायलॉनचे मोजे गोळा करून त्यांचे दोर वळले गेले. १९६४पर्यंत चाललेल्या या ‘ऑपरेशन नोहा’त सहा हजारांवर प्राणी वाचवले गेले. यावर पुस्तके निघाली, चित्रफिती निघाल्या, जगभर कौतुक झाले, आणि त्या माणसांच्या धाडसाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

त्याच पाण्याने सुमारे ५७ हजार टोंगा लोकांना उठवले. ‘धरणग्रस्त’ हा शब्द मराठीत रोजचा आहे, आणि ‘झाडाझडती’ वाचलेल्यांना पुढचे चित्र ओळखीचे वाटेल. १९५८च्या सप्टेंबरात उत्तर काठावर हलायला नकार देणाऱ्यांवर गोळीबार झाला. आठ जण मेले. एलिझाबेथ कोलसन यांचा या स्थलांतरावरचा अभ्यासग्रंथ १९७१ साली आला. एरवी मी अशा ग्रंथाला ललित लेखनाशेजारी बसवले नसते. पण नदीकाठच्या ऋतूंचा हिशेब मला कादंबऱ्यांपेक्षा तिथे सापडला. पूर ओसरला की उरलेल्या गाळात टोंगा नदीकाठचे मळे पिकवत. पावसावरचे पीक वेगळे. पुराचे येणे-जाणे हेच त्यांचे पंचांग होते. सरोवर झाल्यावर पाणी वर्षभर राहिले आणि पंचांग बुडाले.

नोहाच्या कथेत ही माणसे नाहीत. बायबलमधल्या तारवात निदान एक कुटुंब होते. बचावकथांत टोंगा दिसलेच तर दोर धरणारे हात म्हणून, नावाविना. वाचवलेले बरेच प्राणी मातुसादोनाच्या बाजूला सोडले गेले. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झाले आणि आज तिथे होडीतून सफारी चालते. पाण्यातून वर आलेल्या वाळक्या खोडांवर पाणकावळे पंख वाळवत बसतात; छायाचित्रांत ही खोडे फार सुंदर येतात. संध्याकाळी कापेंटा मासे धरणाऱ्या होड्या दिवे लावून निघतात. हा मासाही इथला नाही, टांगानिका सरोवरातून आणून सोडलेला. प्रवासी त्या दिव्यांचे फोटो काढतात, आणि होडी परतताना ज्या उथळ पाण्यावरून जाते त्याच्या खाली कुणाचे मळे होते हे विचारत नाहीत. होडी हाकणाऱ्याला कदाचित ते माहीत असते. त्याने लिहिलेले पुस्तक मला अजून वाचायला मिळालेले नाही.