मूल्यमापनाचे शब्द : एक स्वीडिश वानगी

परीक्षाशास्त्रातील इंग्रजी संज्ञांचे भाषांतर म्हणजे कोश उघडून प्रतिशब्द लावणे, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो किती अपुरा आहे हे पाहण्यासाठी मुद्दाम एक दूरची भाषा घेऊ : स्वीडिश.

‘असेसमेंट’ला स्वीडिश शाळांत ‘बेडम्निंग’ म्हणतात. इंग्रजी शब्दाचे लॅटिन मूळ ‘शेजारी बसणे’ असे आहे. त्यावरून मुलाशेजारी बसलेल्या शिक्षकाचे गोड चित्र रंगवले जाते. पण हा बसणारा मुळात न्यायाधीशाचा साहाय्यक, पुढे कराची आकारणी करणारा. स्वीडिश शब्दात तर ‘निवाडा करणे’ हे क्रियापद उघडच दिसते. व्युत्पत्ती शब्दाचा जन्म सांगते, वर्तन नव्हे.

‘ग्रेड’ म्हणजे मुळात पायरी. स्वीडिश ‘बेतीग’ मात्र ‘ग्वाही देणे’ या क्रियापदावरून आला, म्हणजे दाखला. दाखल्याने विद्यार्थ्याला काय येते ते सांगावे. पण 1962 पासून स्वीडनमध्ये 1 ते 5 अशा सापेक्ष श्रेणी होत्या आणि देशभरात त्यांची वाटणी 7, 24, 38, 24, 7 टक्के अशी अपेक्षित होती. शब्द दाखल्याचा, व्यवहार पायरीचा! उद्दिष्टांशी जोडलेल्या श्रेणी 1994 च्या सुधारणेने आल्या. नुसत्या चांगल्या शब्दाने पद्धत सुधारत नाही, हे येथे स्पष्ट होते.

उलट, काही शब्द विचाराला मदत करतात. ‘टेस्ट’साठीचा ‘प्रूव’ हा शब्द रक्ताच्या किंवा पाण्याच्या नमुन्यालाही वापरतात. चाचणी ही ज्ञानाची वानगी आहे, सगळे ज्ञान नव्हे, हे त्यात आपोआप येते. आपण शितावरून भाताची परीक्षा करतो. पण भात सारखा शिजलेला असतो, विद्यार्थ्याचे ज्ञान तसे नसते. म्हणून शिते अनेक ठिकाणची घ्यावी लागतात.

‘फीडबॅक’साठी ‘ओतेरकॉप्लिंग’, म्हणजे परत जोडणी, हा तंत्रज्ञांचा शब्द रूढ आहे. विद्युतमंडलात बाहेर पडलेल्या संदेशाचा अंश आत परतून पुढचे कार्य बदलतो, तेव्हाच ती परत जोडणी. वहीवरच्या ‘छान’ या शेऱ्याने विद्यार्थ्याचे पुढचे उत्तर बदलत नसेल, तर जोडणी झालीच नाही.

2022 मध्ये स्वीडिश अभ्यासक्रमाने ‘ज्ञानाच्या अटी’ ही संज्ञा सोडून ‘श्रेणीचे निकष’ ही घेतली. त्याचबरोबर शिक्षकाने विद्यार्थ्याच्या ज्ञानाचा एकत्रित विचार करावा, असा नियमही आला. हा बदल आम्हांला महत्त्वाचा वाटतो. अट पूर्ण होते किंवा मोडते. निकष मात्र तारतम्याने लावायचा असतो. शब्द आणि नियम एकत्र बदलले, तरच भाषांतराला अर्थ येतो.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात 2010 पासून ‘फॉर्मेटिव्ह’साठी ‘आकारिक’ मूल्यमापन हा शब्द रुळला. मूळ अर्थ शिकत असताना घडवणारे, आकार देणारे. परंतु तर्कशास्त्रात ‘आकारिक’ म्हणजे केवळ बाह्य रूपाचा. हा दुसरा अर्थ शाळेत शिरला, तर घडवणे मागे पडून तक्ते भरणे उरते. आमच्या मते ‘घडणीचे मूल्यमापन’ म्हटले असते तर गोंधळ कमी झाला असता. शब्द बदलणे शिक्षकाच्या हाती नाही. पण भरलेल्या तक्त्यामुळे उद्याच्या तासात काय बदलणार, हा प्रश्न विचारणे नक्कीच त्याच्या हाती आहे.