शंभरातले चार किलो

मे महिन्यातली सोलापूरची दुपार. टेबलफॅन माझ्याकडे नाही, लॅपटॉपकडे वळवलाय. त्यावर 'कर्बल स्पेस प्रोग्रॅम' लोड होतोय, गेली पंचवीस मिनिटं. आई डोकावते, "अजून उडालं नाही का गं तुझं?" तिला काय सांगणार? अजून मेन्यूसुद्धा आलेला नाही.

हा गेम मुळात इतका छळणारा नाही. मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड कंपनीने तो २०११ मध्ये लोकांसमोर आणला, पूर्ण आवृत्ती २०१५ मध्ये आली. त्यात कर्बल नावाचे हिरवे, बटबटीत डोळ्यांचे प्राणी आहेत. टाक्या आणि इंजिनं एकावर एक जोडून रॉकेट बनवायचं, फुटलं की हसायचं, परत उडवायचं. थोडी चिकाटी ठेवली तर आठवड्याभरात तुम्ही त्यांच्या चंद्रावर उतरता.

माझा छळ सुरू झाला तो 'रिअल सोलर सिस्टिम', 'रिअ‍ॅलिझम ओव्हरहॉल' आणि 'आरपी-१' या त्रिकुटामुळे. चाहत्यांनी बनवलेले, फुकट मिळणारे हे मॉड एकत्र टाकले की जुना गेम ओळखू येत नाही. मॉड म्हणजे गेममध्ये जास्तीचं काहीतरी, असं आपण धरून चालतो. इथे नवे भाग भरपूर मिळतात, पण खरा बदल घडतो तो काढून घेतलेल्या सवलतींमुळे.

पहिली सवलत आकाराची. कर्बलांच्या ग्रहाची त्रिज्या फक्त ६०० किलोमीटर, तरी गुरुत्वाकर्षण आपल्याएवढंच. म्हणजे तो ग्रह सोन्याच्या तिप्पट दाट हवा! मॉड त्या जागी ६,३७१ किलोमीटर त्रिज्येची आपली पृथ्वी आणून ठेवतो. आधी कक्षेत जायला हवेचा अडथळा वगैरे धरून सेकंदाला साधारण ३.४ किलोमीटर वेगाची तयारी लागायची, आता ९.४ ची लागते. वाटतं, पावणेतीनपट इंधन भरू, झालं. तसं होत नाही, कारण इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. इंजिनातून वायू सेकंदाला ३ किलोमीटर वेगाने बाहेर पडतोय असं धरा. एकाच टप्प्याच्या शंभर किलोच्या रॉकेटमधले जुन्या गेममध्ये ३२ किलो वर पोहोचायचे. पृथ्वीवरून पोहोचतात जेमतेम चार. त्या चार किलोंतच इंजिन आलं, रिकामी टाकी आली आणि उरलाच तर उपग्रह. रॉकेट टप्प्याटप्प्याने का टाकून द्यावं लागतं, हे मी शाळेत पाठ केलं होतं. कळलं इथे.

दुसरी सवलत इंजिनाची. मूळ गेममध्ये ते गॅसच्या शेगडीसारखं हवं तितक्यांदा चालू-बंद, हवं तितकं मंद करता येतं. इथे बरीच इंजिनं एकदाच पेटतात. वजनरहित अवस्थेत इंधन टाकीत तरंगतं, त्यामुळे आधी छोटा धक्का देऊन ते तळाशी बसवावं लागतं. द्रव हायड्रोजन वाट पाहता पाहता उडून जातो. माझी पहिली चंद्रमोहीम अशीच गेली. सगळा हिशेब बरोबर होता, फक्त इंजिन दुसऱ्यांदा पेटणारं नव्हतं.

या छळातून मला काय मिळालं? चांद्रयान-३. अपोलो ११ चार दिवसांत चंद्रावर उतरलं, आपल्याला १४ जुलै ते २३ ऑगस्ट २०२३ असे चाळीस दिवस लागले. तेव्हा कॉलेजच्या ग्रुपवर कुणीतरी बैलगाडीचा मीम टाकला आणि मीही हसले होते. मॉडमध्ये श्रीहरिकोटा निवडून मी छोट्या इंजिनाचं यान वर नेलं, तेव्हा माझ्याकडेही दुसरा मार्ग उरला नाही. यान पृथ्वीच्या सगळ्यांत जवळ येतं तिथे थोडं इंजिन चालवायचं, कक्षा लांबवायची, परत येण्याची वाट पाहायची, पुन्हा थोडं. अपोलोचं सॅटर्न-५ सुमारे तीन हजार टनांचं होतं, आपलं एलव्हीएम-३ आहे ६४० टनांचं. तो उशीर म्हणजे हलक्या रॉकेटने केलेला हिशेब होता. मूळ गेमने हे मला कधीच शिकवलं नसतं, कारण तिथे चंद्र इतका स्वस्त आहे की काटकसरीची गरजच पडत नाही.

तरी या मॉडच्या वास्तवावर माझा एक आक्षेप आहे. आरपी-१ मधली कारकीर्द १९५१ मध्ये सुरू होते. पैसा, बांधणीचे महिने, संशोधन, सगळ्याचा हिशेब चोख. पण हा इतिहास अमेरिका आणि रशियाच्या वळणाचा आहे. तुमचं रॉकेट तुम्हीच बनवायचं, तुम्हीच उडवायचं. २१ नोव्हेंबर १९६३ ला थुंब्याहून उडालेलं रॉकेट अमेरिकेचं होतं. १९७५ मध्ये आर्यभट्ट सोव्हिएत रॉकेटवरून गेला. दुसऱ्याकडून मागून घेणं आणि त्यातून शिकणं, हा आपला रस्ता या गेममध्ये नाही. इंधनाचा शेवटचा थेंब मोजणाऱ्यांना ही गोष्ट मोजता आली नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना नेमकी जमलीय. इथलं प्रत्येक इंजिन उडताना माहिती गोळा करतं आणि पुढच्या वेळी ते फसण्याची शक्यता थोडी कमी होते. फसलेलं उड्डाणही खात्यावर जमा होतं. एसएलव्ही-३ ऑगस्ट १९७९ मध्ये समुद्रात पडलं, जुलै १९८० मध्ये त्याच रॉकेटने रोहिणी कक्षेत सोडला. हे मधलं वर्ष कसं गेलं असेल, ते आता मला थोडं कळतं.

परवा पुण्याला जाताना इंदापूरजवळ 'वालचंदनगर' अशी पाटी दिसली. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांच्या नावाचं हे गाव. चांद्रयान-३ च्या रॉकेटला दोन्ही बाजूंनी जोडलेले एस-२०० बूस्टर, एकेकात दोनशे टनांहून जास्त इंधन. त्यांच्या धातूच्या आवरणाचे भाग इथल्या कारखान्यात बनले. ही पाटी मी लहानपणापासून पाहतेय. पण एसटीच्या खिडकीतून मनातल्या मनात त्या आवरणाचं वजन मोजायचा प्रयत्न मी पहिल्यांदाच केला.