दृष्टीआड सृष्टी : संगणकीय वस्तुमागोव्याच्या मूल्यमापनाची चिकित्सा

प्रस्तावना :
चलचित्रातील माणूस खांबामागे जाऊन पलीकडून बाहेर आला, तर तो तोच आहे हे पाहणाऱ्यास सांगावे लागत नाही. झाकलेली वस्तू नाहीशी होत नाही, ही जाण मूल पहिल्या दोन वर्षांत कमावते, असे जाँ पियाजे यांनी मांडले. संगणकास ती गणिताने द्यावी लागते. प्रस्तुत लेखात अशा पद्धतींची, विशेषतः त्यांच्या मूल्यमापनाची चिकित्सा केली आहे.

विवेचन :
रुडॉल्फ काल्मन यांच्या १९६० मधील 'काल्मन फिल्टर'मुळे वस्तू दिसत नसतानाही पूर्वीच्या स्थान व वेगावरून तिच्या पुढील स्थानाचा अंदाज बांधता येतो. मात्र वस्तू जितका वेळ आड राहील तितकी अंदाजातील अनिश्चितता वाढते. २०१६ मधील 'सॉर्ट' पद्धतीने हेच गणित वापरले. परंतु तिच्या प्रयोगांत हरवलेल्या वस्तूची वाट केवळ एक फ्रेम पाहिली गेली. २०१७ मधील 'डीपसॉर्ट'ने वस्तूच्या रूपाच्या खुणाही जपल्या. त्यामुळे ओळखबदल ४५ टक्क्यांनी घटल्याचे तिच्या कर्त्यांनी नोंदविले.

ही प्रगती निःसंशय आहे. आक्षेप आहे तो मापाविषयी. २००८ मध्ये मांडलेले व पुढे रूढ झालेले 'मोटा' हे माप सुटलेल्या चौकटी, चुकीच्या चौकटी व ओळखबदल यांची एकच बेरीज करते. समजा, एक व्यक्ती २५० फ्रेममध्ये दिसते. १२५ फ्रेमनंतर ती खांबाआड जाते व बाहेर येताच तिला नवा क्रमांक मिळतो. 'मोटा'च्या लेखी ही एकच चूक, म्हणून गुण ९९.६ टक्के! ओळखीचे सातत्य पाहणारे २०१६ मधील 'आयडीएफ-१' हे माप याच निकालास ५० टक्के गुण देते. २०२० मधील 'होटा' वस्तूचा शोध व ओळखीचे सातत्य यांना समान महत्त्व देते.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील टेंपी येथे उबरच्या स्वयंचलित चाचणी वाहनाच्या धडकेने रस्ता ओलांडणारी महिला मृत्युमुखी पडली. वाहनाने तिला ५.६ सेकंद आधी टिपले होते; परंतु तिचे वर्गीकरण बदलताच तिचा आधीचा मागोवा विचारातून वगळला जात होता, असे अमेरिकी परिवहन सुरक्षा मंडळाच्या चौकशीत आढळले. ती महिला यंत्राच्या दृष्टीआड नव्हती. तिचा इतिहास मात्र स्मृतीआड झाला होता.

निष्कर्ष :
'दृष्टीआड सृष्टी' ही म्हण माणसाच्या दुर्लक्षावर बोट ठेवते; 'मोटा'सारखे माप तेच दुर्लक्ष गुणपत्रिकेत लपविते. म्हणून वस्तुमागोव्याचा शोधनिबंध वा विद्यार्थ्यांचा प्रकल्प तपासताना एकाच टक्केवारीवर समाधान मानू नये. वस्तू किती काळ आड राहिली व त्यानंतर तिची ओळख टिकली काय, याचा स्वतंत्र हिशेब मार्गदर्शकांनी मागावा.