अर्जुन: झाड, गाय, चांदी आणि पांढरे घोडे

गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि त्यांतल्या दोघांच्या नावात 'अर्जुनी' आहे: अर्जुनी मोरगाव आणि सडक अर्जुनी. ही नावं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला. "पांडव आले होते का तुमच्याकडे?" विदर्भात हा प्रश्न अगदीच अस्थानी नाही. भीमाने कीचकाला मारून चिखलदऱ्याच्या दरीत फेकलं, असं अमरावतीकडे सांगतातच. पण गोंदियाच्या नकाशावरच आमगाव आहे, चिचगड आहे, शेजारच्या भंडाऱ्यात मोहाडी आहे. आंबा, चिंच, मोह. आमच्या भागात गावाचं नाव बहुतेकदा झाडाकडून येतं, आणि अर्जुनीचा माग काढायचा तर धनुर्धराआधी झाडाकडे बघायला हवं.

अर्जुन म्हणजे नाल्याच्या, तळ्याच्या काठी वाढणारं उंच झाड. त्याची साल गुळगुळीत, फिकट राखाडी-पांढरी असते आणि मोठमोठ्या पापुद्र्यांनी सुटते. सुटली की आतलं खोड आणखी उजळ दिसतं. भंडारा-गोंदियाचा कोसा ज्या अळीपासून मिळतो, ती ऐनावर आणि या अर्जुनावर पोसतात. मात्र इथला जुना माणूस या झाडाला सहसा अर्जुन म्हणत नाही. तो म्हणतो कहू. म्हणजे अर्जुनी नावाच्या गावाजवळ अर्जुनाचं झाड उभं असलं, तरी दोघांना जोडणारा शब्द बोलण्यात नाही. ती रिकामी जागा मग महाभारत भरून काढतं.

हा शब्द जुन्या संस्कृत कोशांत शोधला तर वेगळंच चित्र दिसतं. अमरकोशाची रचना वस्तूकडून शब्दाकडे जाते: आधी गोष्ट, मग तिची सगळी नावं. त्यामुळे 'अर्जुन' त्यात एका जागी सापडत नाही. रंगांच्या यादीत तो पांढऱ्याचा पर्याय म्हणून येतो, धवल आणि गौर यांच्या रांगेत. वनस्पतींच्या वर्गात झाड म्हणून येतो, आणि त्याच वर्गाच्या शेवटी गवत म्हणूनही. पुढे वैश्यवर्गात 'अर्जुनी' म्हणजे गाय. मेदिनीकोश उलट्या दिशेने चालतो. तो शब्द घेतो आणि त्याचे सगळे अर्थ एकत्र मांडतो: झाड, पृथापुत्र अर्जुन, कार्तवीर्य राजा, मोर, आईचा एकुलता एक मुलगा, पांढरा रंग, गवत, डोळ्याचा एक रोग, गाय.

प्रोग्रामिंग करणाऱ्यांना ही जोडी ओळखीची वाटेल. एक सूची डेटाकडून किल्लीकडे जाते, दुसरी किल्लीकडून डेटाकडे. दोन्ही उपयोगी आहेत आणि दोन्हींत एकच उणीव आहे: एका अर्थातून दुसरा कसा निघाला, हे कुठेच लिहिलेलं नाही. अमरकोश शब्दाचे तुकडे वेगवेगळ्या खोल्यांत ठेवतो, मेदिनी ते एका पोत्यात भरतो. आजचे आपले वर्णानुक्रमी मराठी कोशही बहुतेक वेळा पोत्याला 1, 2, 3 असे आकडे लावून थांबतात. आकड्यांवरून क्रम कळतो, नातं कळत नाही.

नातं असेलच असंही नाही. भाजीतला 'चुका' आणि गणितातल्या 'चुका' घ्या. पहिला संस्कृत 'चुक्र'वरून आला, म्हणजे आंबट. दुसरा 'चुकणे'मधून. दोन अनोळखी माणसांचं आडनाव एकच निघावं, तसं हे आहे. इथे दोन वेगळ्या नोंदी करणं हाच प्रामाणिकपणा. अर्जुनचं तसं नाही. त्याचे बहुतेक अर्थ एका उजेडातून निघाले आहेत. 'अर्जुन'चं मूळ अर्थ 'लखलखीत पांढरा', आणि त्याच घराण्यातला शब्द 'रजत', म्हणजे चांदी. लॅटिनमधला 'अर्जेंटम' याच कुळातला. म्हणून चांदीची रासायनिक संज्ञा एजी आहे आणि अर्जेंटिना देशाचं नाव चांदीवरून पडलं आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात रात्र आणि दिवस यांना काळा दिवस आणि उजळ दिवस म्हटलं आहे. काळ्यासाठी तिथे शब्द आहे 'कृष्ण' आणि उजळासाठी 'अर्जुन'.

एवढं हातात आलं की यादी बोलायला लागते. उजळ खोडाचं झाड अर्जुन. पांढरी गाय अर्जुनी. डोळ्याच्या पांढऱ्या भागात होणारा रोग अर्जुन. सुश्रुतसंहितेत तो त्याच भागाच्या रोगांमध्ये येतो. मोर आणि एकुलता मुलगा या उजेडात बसत नाहीत, आणि त्यांना ओढून बसवू नये. प्रत्येक अर्थाला धागा जोडायचा हट्ट धरला की व्युत्पत्तीची पुराणकथा होते.

आता पांडव. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन उत्तराला आपली खरी ओळख सांगतो. उत्तराचा विश्वास बसत नाही. तो म्हणतो, अर्जुनाची दहा नावं सांग आणि प्रत्येकाचं कारण सांग. आजच्या भाषेत हे ओटीपी मागणं झालं. अर्जुन दहाही नावं उलगडतो. 'अर्जुन' का, तर आपला वर्ण पृथ्वीवर दुर्मीळ आहे आणि आपण शुक्ल, म्हणजे शुद्ध कर्म करतो. 'श्वेतवाहन' का, तर रथाला पांढरे घोडे जुंपलेले असतात. आणि या दहांतलं एक नाव आहे 'कृष्ण', लहानपणी वडिलांनी लाडाने ठेवलेलं, कांतीवरून. एकाच माणसाच्या नावांत उजळही आहे आणि काळाही. वेदातली दिवस-रात्रीची जोडी महाकाव्यात एका अंगावर आली आहे. कोशातल्या 'पृथापुत्र' या एका शब्दात यातलं काहीच मावत नाही.

वनस्पतीचं नाव आणि घोड्याचा रंग यांची गाठ फक्त संस्कृतातच पडते असं नाही. उन्हाळ्यात सरबतात टाकतो तो सब्जा घ्या. फारसीत 'सब्ज' म्हणजे हिरवा. प्लॅट्सच्या 1884 च्या उर्दू कोशात 'सब्जा' म्हणजे हिरवळ, गालावर नुकती फुटलेली लव, भांग, आणि करडा घोडा. हिरवा घोडा कसा असेल? पण उर्दू कवितेत 'सब्ज रंग' म्हणजे सावळी कांतीही होते, आणि आपल्याकडे इंद्राच्या घोड्यांना 'हरी' म्हणतात, जो शब्द हिरव्या-पिवळ्या-पिंगट छटांवरून फिरतो. 'नीले घोडे'वर स्वार गुरू गोविंदसिंग, ज्यांचा देह 1708 मध्ये नांदेडला ठेवला गेला, त्यांचा घोडाही आपल्या शाईच्या दौतीसारखा निळा कुणी समजत नाही. रंगाच्या सीमा भाषेगणिक हलतात. घोडेस्वारीबरोबर अबलख, कुमाईत असे कितीतरी शब्द मराठीत आले. घोडे गेले तसे ते शब्दही मागे पडले. आज सब्जा म्हटलं की फालुदा.

अर्जुनचंही असंच झालं, पण उलट दिशेने. सब्जातली वनस्पती उरली. अर्जुनातला माणूस उरला. 1961 मध्ये सुरू झालेला क्रीडा पुरस्कार अर्जुन, सैन्याचा रणगाडा अर्जुन, नेम अचूक असलेला प्रत्येक पोरगा अर्जुन. शब्दाचे नवे वापर जे निघाले ते सगळे धनुर्धरातून निघाले. पांढऱ्या रंगातून मराठीत एकही नवा वापर निघाला नाही. अर्थ मरतो तो असा: कोशात छापलेला राहतो, पण त्यातून नवं काही फुटत नाही.

मशीनने यात सुरुवातीला भरच घातली. 2013 साली आलेल्या वर्डटूवेक पद्धतीत प्रत्येक शब्दाला आकड्यांची एकच ओळ मिळायची. झाड, गाय, योद्धा, सगळ्यांचं मिश्रण एका बिंदूवर. ज्या अर्थाचा मजकूर जास्त, तिकडे तो बिंदू सरकायचा. 2018 च्या बर्टपासून वाक्य बघून अर्थ ठरवणारी मॉडेल्स रुळली आणि ही अडचण बरीच कमी झाली. पण वाक्यच नसेल तर? 'कहू' हा शब्द असलेली किती मराठी वाक्यं इंटरनेटवर असतील? रोपवाटिकेच्या पाटीवर अर्जुन, औषधाच्या बाटलीवर अर्जुन, आणि कहू फक्त बांधावर उभ्या माणसाच्या तोंडात.

गंमत म्हणजे कहू हा अडाणी अपभ्रंश नाही. या झाडाचं अमरकोशातलं दुसरं नाव 'ककुभ'. प्राकृतात त्याचं 'कउह' झालं, पुढे कहू. म्हणजे कोशातल्या दोन जुन्या नावांपैकी एक तालुक्याच्या नावात राहिलं आणि दुसरं बोलीत. दोन्ही गोंदियातच आहेत, एकमेकांची ओळख विसरून.

म्हणून डिजिटल कोश बनवणाऱ्यांकडून माझी अपेक्षा साधी आहे. नोंदीत अर्थांना आकडे द्या, पण कोणता अर्थ कुठून फुटला तेही एका ओळीत लिहा. जिथे नातं नाही तिथे चुक्यासारखी वेगळी नोंद करा. आणि झाडाच्या नोंदीत झाडीबोलीतलं नाव प्रमाण नावाच्या बरोबरीने छापा, कंसात नको. तसं झालं तर अर्जुनीच्या पोराला गावाच्या नावाचं उत्तर देताना पांडवांना बोलवावं लागणार नाही. नाल्याकाठच्या पांढऱ्या खोडाकडे बोट दाखवलं तरी पुरेल.